विहीणबाईंचं पातेलं

प्रिय ताई,

मी कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटहून लिहिते आहे. मूळची मिरजेची, इकडे येऊन एकतीस वर्षं झाली. मुलगा आणि सून आमच्यापासून दहा मिनिटांवर राहतात. सून चिनी वंशाची, पण जन्म सॅन फ्रान्सिस्कोचा. तिचे आईवडील दक्षिण चीनमधल्या तायशानचे. आई १९८५ साली लग्न होऊन इकडे आल्या आणि वीस वर्षं चायनाटाउनमधल्या शिवणकारखान्यात मशीनवर बसल्या. वडील हॉटेलात स्वयंपाकी होते, ते आता नाहीत. घराण्याचं आडनावही म्हणे खरं नाही, पणजोबा दुसऱ्याच नावानं आले होते.

अकरा दिवसांपूर्वी मला नात झाली. पहिलं बाळंतपण आईनं करायचं, म्हणून मी मुद्दाम मागे राहिले आणि विहीणबाई येऊन राहिल्या. सहाव्या दिवशी सून केस धुवायला निघाली, तर त्या बाथरूमच्या दारात उभ्या राहिल्या. महिनाभर केस भिजवायचे नाहीत, गार प्यायचं नाही, खिडकी उघडायची नाही. सून फार्मसिस्ट आहे. तिनं आधी समजावलं, मग तिचा तोल गेला आणि तीस वर्षांचं सगळं बाहेर आलं. मावसबहिणीशी केलेल्या तुलना, पंच्याण्णव मार्क मिळाले तर 'पाच कुठे गेले' हा प्रश्न, येताजाता 'जाड झालीस' म्हणणं, आणि जन्मात एकदाही न ऐकलेलं 'सॉरी'. विहीणबाई एक शब्द न बोलता पिशवी भरून बार्ट या लोकल रेल्वेनं घरी गेल्या.

दोन दिवसांनी दाराशी मातीचं मोठं पातेलं. आत काळं व्हिनेगर, आलं, अंडी आणि डुकराचे पाय. बेलही वाजवली नव्हती. सून म्हणाली, "हे असंच असतं तिचं. बोलायचं नाही, खायला आणून ठेवायचं. तुम्ही घेऊन जा, नाहीतर मी ओतून देईन." आम्ही शाकाहारी, पण पातेलं आता माझ्या फ्रीजमध्ये आहे.

त्या रात्री सून माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडली आणि म्हणाली, "माझी खरी आई तुम्हीच." ताई, खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. माझी स्वतःची मुलगी सिएटलला असते, आठवड्याला एक फोन करते, तोही गाडी चालवताना. पण रात्रभर झोप लागली नाही. मी विहीणबाईंना फोन करून समजावू का? की सुनेला सांगू, बाई गं, आपल्याकडेही आया अशाच असतात? उद्या बारसं ठेवलंय. आणि त्या पातेल्याचं काय करू?

– फ्रीमाँटची एक वाचक

*

प्रिय मैत्रिणी,

तुमचं पत्र वाचलं त्याच संध्याकाळी मी तुम्हाला तीन ओळी ई-मेलनं पाठवल्या होत्या: पातेलं ओतू नका, मुलाच्या घरी नेऊन त्याला नीट उकळून ठेवायला सांगा, आणि जमलं तर बारसं पुढे ढकला. तुम्ही तिन्ही केलंत असं तुमच्या उत्तरावरून कळलं. आता सविस्तर लिहिते.

पातेल्यापासूनच सुरुवात करते, कारण तुमच्या पत्रातली सगळ्यात बोलकी वस्तू तीच आहे. दक्षिण चीनमधली कँटोनीज भाषा बोलणाऱ्या घरांत बाळंतिणीसाठी हा पदार्थ करतात. आलं सोलून कोरडं परततात, मग गोडसर काळ्या व्हिनेगरमध्ये ते मुरत ठेवतात. अंडी आणि पाय नंतर पडतात. भांडं मातीचं घेतात, कारण आंबटाला धातू चालत नाही. आणि हे मुरलेलं जितकं जुनं तितकं चांगलं, म्हणून बऱ्याच घरांत बाळ येण्याच्या काही आठवडे आधीच आलं-व्हिनेगर भांड्यात पडलेलं असतं. म्हणजे ते पातेलं भांडणाच्या दुसऱ्या दिवशी माफी म्हणून शिजवलेलं नसावं. तुमची सून अजून पोट सांभाळत कामावर जात होती, तेव्हापासून ते तिच्या आईच्या ओट्यावर मुरत असणार. तुम्ही नाही का सातव्या-आठव्या महिन्यापासूनच डिंक, हळीव, खारीक जमवायला लागला असाल? तसंच. भांडण झालं म्हणून त्यांनी ते टाकून दिलं नाही, एवढंच त्यांनी केलं. सदुसष्टीच्या आसपासची बाई ते जड भांडं घेऊन सॅन फ्रान्सिस्कोहून फ्रीमाँटपर्यंत कशी आली असेल, याचा विचार मी दोन दिवस करते आहे.

आता महिन्याच्या बंधनांबद्दल. चिनी भाषेत याला 'महिना बसणं' म्हणतात. गार पाणी नको, वारा नको, डोकं भिजवायचं नाही, पोटात ऊन-ऊन जायला हवं. मिरजेत तुमचं बाळंतपण झालं असेल तर शेक-शेगडी, धुरी, कानात कापूस, डोक्याला रुमाल आणि सव्वा महिना हे सगळं तुम्ही भोगलंय किंवा किमान पाहिलंय. केस न धुण्याला वैद्यकीय आधार नाही, सुनेचं बरोबर आहे, तिनं खुशाल कोमट पाण्यानं न्हावं. पण यात एक बारकावा आहे, आणि तो तुम्हाला कुणी सांगितलेला दिसत नाही.

आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरचं. त्यांच्याकडे परंपरेनं ते सासूचं काम. सून दुसऱ्या घरची झाली, तिचं मूल त्या घराचं, तेव्हा महिना बसवायची ती सासूनं. भाषासुद्धा तशीच बांधलेली आहे. मँडरिनमध्ये, म्हणजे चीनच्या प्रमाणभाषेत, आईच्या आईला जो शब्द आहे, त्यातला पहिला तुकडा 'वाय', म्हणजे 'बाहेरची'. मुलीची लेकरं म्हणजे 'बाहेरची नातवंडं'. आज अमेरिकेत हे कुणी इतकं काटेकोर पाळत नाही, मुलीच्या आया सर्रास येऊन राहतात. पण तायशानच्या खेड्यात वाढलेल्या बाईच्या मनात ते कुठेतरी असतंच. म्हणजे पाहा काय झालं. तुम्ही मायेनं मागे राहिलात, त्यांचा मान म्हणून. त्यांना कदाचित दिसलं असेल ते असं: सासू आलीच नाही, माझ्या मुलीला बघायला त्या घरात कुणी नाही, तेव्हा मीच जायला हवं. आणि मग ज्या घरात आपला हक्क नाही असं त्यांना वाटतं, त्या घराच्या बाथरूमच्या दारात त्या उभ्या राहिल्या. त्यांच्या मनात नेमकं काय होतं हे मी इथे बसून सांगू शकत नाही. पण तुमच्या मागे राहण्याचा अर्थ तुम्हाला अभिप्रेत होता तोच लागला असेल, हे धरून चालू नका. हे त्यांना एकदा सांगायला हवं. कसं, ते पुढे लिहिते.

तुम्ही विचारता, सुनेला सांगू का, की आपल्याकडेही आया अशाच असतात? नका सांगू. त्यात तथ्य असलं तरी नको. एक तर रडणाऱ्या माणसाला 'सगळ्यांचंच असं असतं' हे ऐकून कधी बरं वाटत नाही. दुसरं म्हणजे ते पूर्ण खरंही नाही. तुम्ही एकतीस वर्षांपूर्वी आलात तेव्हा इंग्रजी वाचू शकत होतात, मुलाच्या शाळेत शिक्षकांना भेटायला जाऊ शकत होतात, बँकेत स्वतः सही करत होतात. तुमचा एकटेपणा खरा होता, मला माहीत आहे, मीही न्यू जर्सीत त्यातूनच गेले आहे. पण विहीणबाईंचं जग फार वेगळं होतं.

त्या आडनावाचंच घ्या. अमेरिकेनं १८८२ मध्ये कायदा करून चिनी मजुरांना बंदी घातली. त्याआधीच, १८७५ च्या एका कायद्यानं चिनी बायकांचं येणं जवळपास थांबलं होतं. १८८२ ची बंदी १९४३ मध्ये उठली, तीही वर्षाला फक्त १०५ माणसांना यायची मुभा देऊन. दार मोकळं झालं ते १९६५ च्या कायद्यानंतर. मधल्या काळात तायशान आणि शेजारच्या तालुक्यांतले पुरुष इकडे राबत होते आणि बायका तिकडे पैशांची आणि पत्रांची वाट बघत म्हाताऱ्या होत होत्या. १९०६ च्या भूकंपात आणि आगीत सॅन फ्रान्सिस्कोचं दफ्तर जळलं. मग कित्येकांनी आपण इथेच जन्मलो असं नोंदवून घेतलं आणि आपल्या 'मुलांच्या' नावानं जागा तयार केल्या. त्या जागांवर दुसऱ्यांची मुलं आली, कागदावरचे मुलगे म्हणून. सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या एंजल आयलंड या बेटावरच्या तपासणी केंद्रात अधिकारी त्यांना गावात किती घरं, विहीर कुठल्या बाजूला असं विचारून पकडायला बघत आणि ते पाठ केलेली उत्तरं देत. काहींच्या थडग्यावर इंग्रजीत कागदावरचं आडनाव आहे आणि चिनी लिपीत खरं. तुमच्या सुनेचे पणजोबा बहुधा यातले. ज्या घरात दोन-तीन पिढ्या एक चुकीचा शब्द बाहेर गेला तर सगळ्यांना परत पाठवतील ही भीती होती, त्या घराला 'झाकली मूठ' हा नुसता वाक्प्रचार नसतो. विहीणबाई लग्न होऊन त्या घरात आल्या आणि तिथली रीत शिकल्या. भांडणानंतर त्या गप्प का निघून गेल्या याचं एक उत्तर मला इथे दिसतं: जावयाच्या घरात, त्याच्या देखत, घरचं उघडं पडलं होतं.

आणि त्या स्वतः कुठून आल्या? तुम्ही वय लिहिलं नाहीत, पण १९८५ साली लग्न म्हणजे जन्म १९५८ च्या मागेपुढे धरू. १९५९ ते ६१ हा चीनमधला भीषण दुष्काळ. १९६६ ते ७६ सांस्कृतिक क्रांती, म्हणजे यांचं शाळेचं सगळं वय. शाळा कधी चालू, कधी बंद. शिक्षकांनाच शिक्षा होत होत्या. कॉलेजची प्रवेशपरीक्षा १९७७ मध्ये पुन्हा सुरू झाली, तेव्हा यांच्यासारख्या कितीतरी खेड्यातल्या मुलींची गाडी आधीच सुटलेली होती. मग चायनाटाउनमधला कारखाना. तिथे तासावर नाही, नगावर पैसे. शाळा सुटली की पोरं तिथेच, कापडाच्या गठ्ठ्यांमध्ये बसून अभ्यास करत. वीस वर्षं म्हणजे २००५, त्याच वर्षी कपड्यांच्या आयातीवरचे कोटे उठले. आधीच कमी होत आलेलं ते काम मग जवळपास संपलंच. हा योगायोग नसावा. चिनी भाषेत कष्ट सोसण्याला 'कडू खाणं' म्हणतात. आपण खस्ता खातो, त्या कडू खातात. तुमच्या सुनेला ज्या प्रश्नानं आयुष्यभर टोचलं, की 'पाच मार्क कुठे गेले', तो प्रश्न ज्या बाईचं शिक्षणच कुणीतरी काढून घेतलं तिच्या तोंडून आलाय. यानं टोचणं कमी होत नाही. पण तो तिरस्कारातून आलेला नाही, एवढं मला ठामपणे वाटतं.

(एक कंस इथे करते. सगळ्या चिनी आया अशा नसतात. तैवानहून पीएचडी करायला आलेल्या आईचं आणि मुलीचं भांडण निराळं. फुजिआनहून न्यूयॉर्कला आलेल्या, हॉटेलात बारा-बारा तास उभ्या राहणाऱ्या कित्येकींना तान्ही बाळं आजी-आजोबांकडे चीनला पाठवावी लागली आणि पाच वर्षांनी ती परत आली तेव्हा आईला ओळखेनात. त्यांचं दुःख आणखी निराळं. मी फक्त तुमच्या विहीणबाईंबद्दल बोलते आहे.)

आता माझ्या मते जे सगळ्यात महत्त्वाचं आहे ते.

पुढच्या वेळी त्या दोघी बोलतील तेव्हा नीट ऐका, भाषा कळली नाही तरी चालेल. सुनेला विचारा, तुला कँटोनीज किंवा तायशानी किती येतं? बहुतेक ती म्हणेल, 'घरापुरतं.' अमेरिकेत जन्मलेली अशी मुलं साधारण बालवाडीत इंग्रजीत शिरतात आणि घरची भाषा सात-आठ वर्षांच्या वयात जिथे असते तिथेच थांबते. जेव, झोप, थंडी वाजेल, अभ्यास झाला का, आजीला नमस्कार कर. 'मला अपमान वाटला', 'तू माझी बाजू समजून घे', 'मला तेव्हा भीती वाटली होती' हे म्हणायचे शब्द तिच्याकडे त्या भाषेत नाहीत. आणि आईचं इंग्रजी? दुकानातलं, बसमधलं, कारखान्यातलं. म्हणजे छत्तीस वर्षांची फार्मसिस्ट आणि सदुसष्ट वर्षांची विधवा बाई आजही एका लहान मुलीच्या भाषेत भांडतात. त्या भाषेत आई हुकूमच देऊ शकते आणि मुलगी हट्टच करू शकते. खरं तर मोठ्या माणसांचं बोलणं त्या दोघींमध्ये कधी झालेलंच नाही. 'सॉरी' आलं नाही म्हणून सून रडते. आईकडून ते कुठल्या भाषेत येणार होतं?

आणि इथे सुनेची बाजू मला फार खरी वाटते. त्याच मुलीनं आठव्या-नवव्या वर्षापासून आईसाठी बँकेत, शाळेत, दवाखान्यात दुभाषाचं काम केलं असणार. तुम्ही तिला विचारा. वडिलांच्या आजाराचं डॉक्टरांनी काय सांगितलं, ते आईला पहिल्यांदा कुणी सांगितलं? मला धास्ती वाटते की उत्तर 'मीच' असेल. २०१६ च्या अमेरिकन आरोग्यनियमांत लहान मुलांना दुभाषी म्हणून वापरू नये असं स्पष्ट आलं. तिच्या लहानपणी असं काही कुणाच्या मनातही नव्हतं. जी मुलगी दवाखान्यात आईची आई झाली, तिला घरी आल्यावर 'थेंग वा' म्हणजे 'बोललेलं ऐक' हेच ऐकायला मिळालं. आपल्या मराठीसारखंच कँटोनीजमध्येही 'ऐकणं' म्हणजे आज्ञा पाळणं. 'पोरगी ऐकत नाही' हे आपण म्हणतो तेव्हा तिला ऐकू येत नाही असा अर्थ नसतो. पण इंग्रजीत वाढलेली मुलगी 'लिसन' म्हणते तेव्हा तिला आपलं कुणी ऐकून घ्यावं असं वाटत असतं. दोघीही एकमेकींना 'तू ऐकत नाहीस' म्हणतात आणि दोघीही खरं बोलतात.

चिनी आयांवर '२४ तास हंटर घेऊन बसलेली वाघीण' असा शिक्का २०११ पासून अमेरिकेत फार लोकप्रिय झाला. तुमच्या सुनेनंही तो शब्द वापरला असेल. पण सू याँग किम या संशोधिकेनं उत्तर कॅलिफोर्नियातल्या, म्हणजे तुमच्याच भागातल्या, ४४४ चिनी-अमेरिकन कुटुंबांचा आठ वर्षं मागोवा घेतला आणि २०१३ मध्ये निष्कर्ष मांडले. सगळ्यात जास्त आईवडील वाघासारखे नव्हते, आधार देणारे होते, आणि मुलांचं भलंही तिथेच जास्त झालेलं दिसलं. जिथे वाघीणपणा होता तिथे मुलं जास्त उदास होती आणि आईवडिलांपासून तुटलेली. तेव्हा 'कडक होत्या म्हणून तर मुलगी फार्मसिस्ट झाली' हे समर्थन तुम्ही चुकूनही करू नका. रूथ चाओ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९९४ मध्ये एका चिनी शब्दाकडे लक्ष वेधलं होतं, 'क्वान'. त्याचा अर्थ ताब्यात ठेवणं, आणि काळजी घेणं, माया करणंही. एकाच शब्दात. आपल्या 'वळण लावणं' या शब्दातही हात धरणं आणि हात पिरगळणं दोन्ही येतं. विहीणबाईंनी माया केली, आणि हातही पिरगळला. सुनेला दुखलं ते खोटं नाही.

म्हणून सांगते, दोघींना समजावायला जाऊ नका. विहीणबाईंना फोन करून 'तिचं असं म्हणणं आहे' सांगितलंत तर त्यांना एवढंच कळेल की मुलीनं घरातली गोष्ट सासूला सांगितली. ते दुखणं केस धुण्याहून मोठं होईल. आणि सुनेला 'तुझ्या आईनं किती सोसलं' सांगितलंत, तर तिला तुम्हीही दुरावाल; हे सोसणं तिनं लहानपणापासून पाठ केलंय, त्याचा हिशेब तिच्याच डोक्यावर आहे.

मग करायचं काय? विहीण व्हा. सून म्हणाली, 'माझी खरी आई तुम्हीच.' त्या वाक्यानं तुम्हाला बरं वाटलं हे तुम्ही लपवलं नाहीत, त्याबद्दल मला तुमच्याविषयी आदर आहे. पण ती जागा घेऊ नका. तुम्ही तिला एकदाही 'पाच मार्क कुठे गेले' विचारलं नाहीत, कारण तिच्या मार्कांवर तुमचं काहीच अवलंबून नव्हतं. ती तुम्हाला तयार मिळाली. कोवळ्या वयातलं कडू दुसरीनं खाल्लं, म्हणून तुम्हाला गोड राहता आलं. सिएटलची तुमची लेक तिच्या सासूशी कशी बोलते, ते मला माहीत नाही. पण तीही कदाचित तिथे एखाद्या बाईच्या मांडीवर डोकं ठेवत असेल. तेव्हा त्या बाईनं काय उत्तर द्यावं असं तुम्हाला वाटतं?

सून पुन्हा तसं म्हणाली तर हे म्हणा: "मी तुझी आहेच, कुठे जात नाही. पण आई तुझी तीच." आणि गप्प बसा. पुढे आईची तरफदारी नको. डोक्यावरून हात फिरवा, हवं तर तेल लावून द्या.

एक गोष्ट मात्र नजरेखाली ठेवा. बाळंतपणानंतरचे पहिले दोन आठवडे रडू येतंच. त्यानंतरही ते थांबत नसेल, झोप मिळत असूनही झोप लागत नसेल, बाळाकडे बघवत नसेल किंवा स्वतःला इजा करावीशी वाटत असेल, तर तो आईबरोबरच्या भांडणाचा परिणाम आहे असं समजून वाट बघू नका. डॉक्टरांना लगेच कळवा. अमेरिकेत नव्या आयांसाठी १-८३३-८५२-६२६२ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो. मुलालाही तो देऊन ठेवा.

आणि सून जरा सावरली की, महिन्या-दोन महिन्यांनी, तिला एक सुचवा: आईला पत्र लिही. इंग्रजीत, मोठ्या माणसाच्या भाषेत, मनातलं सगळं. मग ते कँटोनीज जाणणाऱ्या एखाद्या मोठ्या, बाहेरच्या माणसाकडून चिनीत लिहून घे. नातेवाईक नको, आणि पुन्हा तीच दुभाषी नको. आयुष्यात एकदा तरी तिच्यासाठी कुणीतरी दुसऱ्यानं भाषांतर करू दे. सॅन फ्रान्सिस्कोत दोन्ही भाषा बोलणारे समुपदेशकही मिळतात. दोघी तयार असतील तर फारच चांगलं. उत्तर येईल की नाही हे मी सांगू शकत नाही. काही आया वाचून पत्र कपाटात ठेवतात आणि रविवारी फोन करून विचारतात, 'सिक-चो फान मेय?' म्हणजे जेवलीस का? सुनेला ते पुरेल की नाही, हे तिचं तिनं ठरवायचं. पुरलं नाही तर ते तिचं कृतघ्नपण नाही.

तुमचं स्वतःचं काम त्याआधीचं आहे. इंग्रजीत आपल्या नात्याला शब्दच नाही. मुलाच्या सासूला काय म्हणायचं, अमेरिकन माणसाला सांगता येत नाही. पण कँटोनीजमध्ये आहे. 'छान-गा'. विहीण-व्याही यांना हाक मारायचा शब्द. कानाला जवळजवळ आपला 'छान'च. सुनेला विचारून उच्चार नीट शिका, आणि तिला सांगून, तिच्या परवानगीनंच, विहीणबाईंच्या घरी जा. ती 'नको' म्हणाली तर आठ दिवस थांबून पुन्हा विचारा. मुलाला बरोबर न्या, त्याला भाषा येत नसली तरी.

गेल्यावर भांडणाचं नाव काढू नका. त्यांनी काढलं तर ऐकून घ्या, मान हलवा. तुमच्याकडून सांगायचं ते एवढंच, मुलाच्या फोनवर आधी चिनीत लिहून आणलेलं: आमच्याकडे पहिलं बाळंतपण मुलीच्या आईचा मान असतो, म्हणून मी मागे राहिले होते, तुमच्याकडे उलट असतं हे मला माहीत नव्हतं, पुढचे दिवस आपण दोघींनी वाटून घेऊ या का? मग बाळाचा महिना कधी भरतो ते त्यांना विचारा. त्या दिवशी त्यांच्याकडे लाल रंगवलेली अंडी आणि आलं वाटतात. सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाउनमधल्या हॉटेलांत त्याच्या पंगती बसतात. बारसं त्याच दिवशी करा. पाळण्याला दोन नावं बांधली तर कुणाचं काय बिघडणार आहे? चिनी नाव कुणी ठेवायचं ते त्यांना विचारा, आणि अंडी किती रंगवायची तेही. एक बाई दुसऱ्या बाईला 'किती करू या?' असं विचारते, तेव्हा ती पाहुणी राहत नाही. आणि नातीला शिकवायला आत्तापासून लक्षात ठेवा: त्या तिच्या 'पो-पो', आणि तुम्ही, बापाची आई म्हणून, 'मा-मा'.

जाताना पातेलं न्या. त्याआधी मुलाला सांगून सुनेला एकदाच विचारून घ्या, वाटीभर गरम करून देऊ का. नाही म्हणाली तर मुलानं खावं. तो मांसाहार करतो असं तुमच्या ई-मेलवरून कळलं. दुसऱ्याचं भांडं रिकामं परत द्यायचं नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको, आणि चिनी घरांतही ही रीत चांगली ओळखीची आहे. डिंकाचे लाडू भरून न्या. सुंठ जरा सढळ हातानं घाला, त्यांच्या जिभेला ती ओळखीची लागेल. आणि पातेलं मातीचं आहे, आतून कच्चं असेल तर साबण पिऊन घेईल, तेव्हा नुसत्या कढत पाण्यानं धुवा आणि उन्हात पूर्ण वाळू द्या.